स्टोले सोलबाकेन: मैदानावर थांबलेलं हृदय आणि त्यानंतरची कारकीर्द

१३ मार्च २००१. डेन्मार्कमधल्या एफसी कोपनहेगन या क्लबचा सराव चालू होता. नॉर्वेचा ३३ वर्षांचा मिडफिल्डर स्टोले सोलबाकेन अचानक कोसळला. क्लबचे डॉक्टर फ्रँक ओडगार्ड यांनी तपासलं तर हृदय बंद पडलेलं होतं. त्यांनी जागच्या जागी छाती दाबायला सुरुवात केली. वैद्यकीय भाषेत सोलबाकेन त्या क्षणी मृत होता आणि तशी घोषणाही झाली. पण रुग्णवाहिकेतून हॉस्पिटलात नेताना, म्हणजे जवळपास सात मिनिटांनंतर, त्याचं हृदय पुन्हा चालू झालं.

हे किती दुर्मीळ होतं, ते डेन्मार्कच्याच आकड्यांवरून कळतं. २००१ साली तिथे हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्या आणि वाचवण्याचे प्रयत्न झालेल्या लोकांपैकी महिनाभरानंतर जिवंत असलेले शंभरात चारसुद्धा नव्हते. नेमका आकडा ३.५ टक्के. सोलबाकेन त्या साडेतीन टक्क्यांतला. तो पुन्हा खेळला नाही. मात्र प्रशिक्षक म्हणून त्याने जे केलं, ते खेळाडू म्हणून केलेल्या कामगिरीपेक्षा मोठं ठरलं. त्या सरावाच्या मैदानावर नेमकं काय बिघडलं, काय केल्यामुळे तो वाचला आणि वाचूनही खेळणं का सोडावं लागलं, हे समजून घेतलं तर त्याची कारकीर्द तर कळतेच, शिवाय आपल्यापैकी कुणालाही कधीही उपयोगी पडेल असं बरंच काही हाती लागतं.

मिडफिल्डर सोलबाकेन

सोलबाकेन स्वीडनच्या सीमेजवळच्या ग्रूए भागातला. हामार शहराच्या हामकाम क्लबकडून खेळत तो पुढे आला, मग लिलेस्ट्रॉममध्ये गेला आणि तिथून नॉर्वेच्या संघात. १९९४ ते २००० या काळात देशासाठी ५८ सामने आणि ९ गोल. मधल्या फळीतल्या खेळाडूसाठी ही कामगिरी चांगली म्हणायची. तो ज्या पद्धतीने खेळायचा, ती कळायला त्या काळातला नॉर्वेचा संघ थोडा माहीत असावा लागतो.

नव्वदच्या दशकात नॉर्वेचे प्रशिक्षक होते एगिल ओल्सेन, त्यांना सगळे ‘ड्रिलो’ म्हणायचे. जेमतेम ४३ लाख लोकसंख्येचा हा देश त्यांच्या हाताखाली फिफाच्या क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, आणि १९३८ नंतर प्रथमच, १९९४ मध्ये, विश्वचषक खेळला. ड्रिलोंचा हिशेब सरळ होता. ब्राझील किंवा इटलीइतके कसबी खेळाडू आपल्याकडे नाहीत, मग चेंडू पायाशी खेळवत बसण्यात वेळ घालवायचा नाही. मागून लांब, उंच पास द्यायचा. पुढे उभा असलेला उंच खेळाडू तो डोक्याने खाली पाडणार. खाली पडलेला तो ‘दुसरा चेंडू’ पकडायला मधल्या फळीतल्या खेळाडूंनी जिवाच्या आकांताने धावायचं. बचावात एकेका प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहायचं नाही, प्रत्येकाने मैदानाचा आपापला पट्टा राखायचा. चेंडू सरकला की अख्खा संघ त्याच्या दिशेने सरकणार.

या खेळात मिडफिल्डरची अक्षरशः दमछाक होते. सामन्यात दहा-बारा किलोमीटर धावणं, त्यातही सुसाट वेगाच्या छोट्या छोट्या धावा, आणि बहुतेक वेळा पायाशी चेंडू नसताना. टीव्हीवर चेंडूकडे पाहणाऱ्याला हे कष्ट दिसतही नाहीत. सोलबाकेन हे काम मन लावून करायचा आणि योग्य क्षणी पेनल्टी क्षेत्रात घुसून गोलही करायचा. १९९८ च्या विश्वचषकात मार्सेला ब्राझीलला २-१ हरवून खळबळ उडवणाऱ्या नॉर्वेच्या पथकात तो होता, २००० च्या युरो स्पर्धेतही होता.

क्लब पातळीवर मध्येच एक फसलेला टप्पा आहे. १९९७ मध्ये तो इंग्लंडच्या विम्बल्डनकडे गेला, पण प्रशिक्षक जो किनिअर यांच्याशी पटलं नाही. लीगचे सहा सामने खेळून काही महिन्यांतच तो डेन्मार्कला ऑलबोर्गच्या एएबी क्लबकडे निघून गेला. तिथे पहिल्याच पूर्ण हंगामात, १९९८-९९ मध्ये, डॅनिश लीग जिंकली. २००० मध्ये एफसी कोपनहेगन. तिथले प्रशिक्षक रॉय हॉजसनसुद्धा पट्टे राखून बचाव करण्याच्या पद्धतीचे पक्के पुरस्कर्ते, म्हणजे सोलबाकेनला घरच्यासारखंच वातावरण. कोपनहेगनने तो हंगाम जिंकलाही. पण शेवटच्या शिट्टीच्या वेळी सोलबाकेन खेळाडू राहिलेला नव्हता.

हार्ट अटॅक वेगळा, कार्डिॲक अरेस्ट वेगळा

आपल्याकडे कुणी अचानक गेलं की ‘अटॅक आला’ एवढंच म्हटलं जातं. बातम्यांमध्येही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींत काय करायचं हे वेगळं असल्यामुळे फरक माहीत असायलाच हवा.

हृदयाच्या स्नायूला स्वतःलाही रक्त लागतं, आणि ते पुरवणाऱ्या खास वाहिन्या असतात. त्यातली एखादी गुठळीने बंद झाली की पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरू लागतो. हा हार्ट अटॅक. यात माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, असं काय काय होत असतं आणि तो ते सांगू शकतो. त्याला लवकरात लवकर हॉस्पिटलात न्यायचं असतं.

कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदयाचं रक्त ढकलण्याचं काम एकदम थांबणं. वाहिन्या साफ असतानाही हे होऊ शकतं, कारण गडबड अनेकदा विजेची असते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो ठरावीक अंतराने विजेचा हलका ठोका देतो, तो ठोका ठरलेल्या वाटेने खाली पसरतो आणि सगळे स्नायूतंतू एका तालात आकसतात. म्हणून रक्त जोराने बाहेर फेकलं जातं. ही शिस्त मोडली की काय होतं, ते ढोल-ताशा पथकावरून कळेल. ताशा ताल देतो आणि पन्नास ढोल त्यावर एकत्र पडतात, म्हणून तो आवाज छातीत घुमतो. ताशा ऐकू येईनासा झाला आणि प्रत्येक ढोलवाला आपल्या मनाने बडवू लागला, तर हात सगळ्यांचे चालू असतील, पण ताल उरणार नाही. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत असाच गोंधळ माजतो तेव्हा त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. स्नायू नुसता थरथरत असतो, रक्त पुढे सरकत नाही. मेंदूचा पुरवठा तुटल्यामुळे माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो.

हार्ट अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, विशेषतः पस्तिशीनंतर ते जास्त दिसतं. तरुण खेळाडूंमध्ये मात्र कारण बरेचदा जन्मापासून सोबत असतं: हृदयाचा स्नायू नको तेवढा जाड असणं, हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी चुकीच्या जागेतून निघालेली असणं, विजेच्या वाटांमध्ये खोट असणं. कधी विषाणूमुळे हृदयाला आलेली सूजही कारण ठरते, म्हणून तापात खेळू नये असं डॉक्टर बजावतात. सोलबाकेनच्या हृदयातही आधी कधीही न सापडलेला दोष निघाला. इतकी वर्षं तो त्याच हृदयाच्या जोरावर आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळत होता.

लोकांना खटकतं ते हेच. एवढा तंदुरुस्त माणूस असा कसा कोसळतो? तर दम आणि ताकद हृदयाच्या पंपावर आणि फुप्फुसांवर अवलंबून असते, आणि ती मेहनतीने वाढते. बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं, कसलेल्या खेळाडूचं हृदय पूर्ण जोरात असताना २५ लिटरच्याही वर जातं. विजेच्या वाटांमधला जन्मजात दोष मात्र व्यायामाने बुजत नाही. उलट प्रचंड श्रम, वाढलेलं ॲड्रेनलिन आणि घामावाटे गेलेले क्षार या सगळ्यांत तो उफाळून येण्याची शक्यता वाढते.

ती सात मिनिटं

अरेस्टनंतर कुणीच काही केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होऊ लागते. या हिशेबाने सोलबाकेन वाचला असता तरी पुढे प्रशिक्षक होण्याच्या स्थितीत राहिला नसता. तो राहिला, कारण त्या मिनिटांत त्याच्या मेंदूला रक्त मिळत होतं. त्याचं हृदय ते देत नव्हतं, डॉक्टरांचे हात देत होते.

छाती दाबणं म्हणजे सीपीआर. बरगड्यांच्या मधोमध जे सपाट हाड असतं, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे बरोबर वर. मग अंगाचा भार टाकून छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली दाबायची आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा, न थांबता. छाती दबते तेव्हा रक्त बाहेर ढकललं जातं, वर येते तेव्हा हृदय पुन्हा भरतं. म्हणून वर येऊ देणं हे दाबण्याइतकंच महत्त्वाचं. हे प्रत्यक्ष करताना भयंकर दमायला होतं, दोन मिनिटांत हात ढिले पडतात, म्हणून शेजारी कुणी असेल तर आलटून पालटून करायचं. कधी बरगडी मोडल्याचा आवाज येतो. तरी थांबायचं नाही, बरगडी नंतर भरून येते.

इतकं करूनही नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या चौथा ते तिसरा हिस्साच साधतो. पण मेंदूला तग धरायला तो पुरतो. विस्कटलेला ताल परत आणायला मात्र बहुतेक वेळा विजेचा झटका लागतो. त्यासाठी एईडी नावाचं सुटसुटीत यंत्र असतं. छातीवर दोन पट्ट्या चिकटवल्या की ते स्वतःच हृदयाची लय तपासतं आणि झटका द्यायचा की नाही हे बोलून सांगतं. तो झटका सगळा गोंधळ क्षणभर एकदम थांबवतो, आणि त्या शांततेत हृदयातला मूळ पुंजका पुन्हा ताल धरतो. सिनेमांत मॉनिटरवर सरळ रेषा आली की झटका देताना दाखवतात, ते चूक आहे. सरळ रेषेत मोडायला गोंधळच नसतो. तिथे छाती दाबत राहणं आणि औषधं हाच मार्ग.

वेळ कुठे वाया जातो, तेही पाहू. अरेस्ट झालेला माणूस पहिल्या मिनिटांत कधी कधी तोंड उघडून घरघर करत आचके देतो. बघणाऱ्यांना वाटतं, श्वास चालू आहे. हातपाय झटकले तर वाटतं, फिट आली. मग आपल्याकडे कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी तोंडावर पाणी मारतो, कुणी पाणी पाजायला जातो. एवढ्यात तीन-चार मिनिटं गेलेली असतात. म्हणूनच आता खेळाच्या वैद्यकीय नियमांत स्पष्ट सांगितलेलं असतं की, कुणाचा धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि हाक मारून प्रतिसाद देत नसेल, तर तो कार्डिॲक अरेस्टच आहे असं धरून कामाला लागायचं. मैदानाबाहेरही हेच. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने छाती दाबायला घ्यायची. तोंडाने श्वास देण्याचं शिक्षण घेतलेलं नसेल तर नुसतं दाबलं तरी चालतं.

यातला मोठा वाटा नॉर्वेचाच आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. जगभर सीपीआर शिकवताना वापरतात ती माणसाच्या आकाराची बाहुली ‘रेसुसी ॲन’ नॉर्वेतल्या स्टावांगरची. ओस्मुंड लेर्डाल हे तिथले खेळणी बनवणारे उद्योजक. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवण्याचं त्यांचं कसब डॉक्टरांनी हेरलं आणि १९६० मध्ये ही बाहुली तयार झाली. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच नॉर्वेच्या शाळांत मुलांना पुनरुज्जीवनाचं शिक्षण मिळू लागलं.

डेन्मार्कने हे उशिरा केलं, पण नेटाने केलं. २००५ पासून शाळेत सीपीआर शिकवणं बंधनकारक झालं, वाहनपरवाना घेतानाही प्रथमोपचाराचं शिक्षण सक्तीचं झालं. परिणाम आकड्यांत दिसतो. २००१ मध्ये अरेस्टच्या पाचपैकी एका घटनेत आजूबाजूच्या लोकांनी सीपीआर सुरू केलेला असायचा, २०१० मध्ये हे प्रमाण जवळपास ४५ टक्क्यांवर गेलं. महिनाभराने जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्के झालं. दहा वर्षांत तिप्पट. यात हॉस्पिटलांतल्या सुधारलेल्या उपचारांचाही भाग आहे, पण हॉस्पिटलात जिवंत पोहोचणारेच वाढले, हे लोकांच्या हातांचं काम.

वाचला, मग खेळला का नाही?

सोलबाकेनला पेसमेकर बसवण्यात आला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने लगेच निवृत्ती जाहीर केली. तब्येत सुधारल्यावर बऱ्या झालेल्या माणसाला खेळायला काय हरकत, असं वाटू शकतं. उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे आणि गेल्या वीस वर्षांत ते बदलतही गेलं आहे.

पेसमेकर हृदयाची गती फार मंदावली की ठोका पुरवतो. आयसीडी नावाचं दुसरं उपकरण असतं, ते लयीवर पहारा ठेवतं आणि जीवघेणा गोंधळ सुरू झाला तर आतूनच झटका देतं. पण मुळातला दोष दोन्हींमुळे जात नाही. शिवाय फुटबॉलमध्ये टकरा होतात. छातीवर कोपर बसलं तर उपकरणाला किंवा त्याच्या तारांना धक्का लागू शकतो, आणि धावता धावता झटका बसला तर खेळाडू पडून आणखी जखमी होऊ शकतो. २००१ मध्ये डॉक्टरांचा कल साफ नकाराकडे होता, आणि त्या वेळच्या माहितीनुसार तोच बरोबर निर्णय होता असं मला वाटतं.

वीस वर्षांनी त्याच शहरात तशीच घटना घडली आणि निर्णय वेगळा झाला. १२ जून २०२१, कोपनहेगनचं पार्केन स्टेडियम, युरो स्पर्धेत डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पहिला अर्धा संपत आला असताना डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन थ्रो-इनवरून आलेला चेंडू घेण्यासाठी पुढे झाला आणि कोसळला. कर्णधार सिमोन केअर धावला, सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं, वैद्यकीय पथकाने सीपीआर दिला आणि एईडीच्या एका झटक्यात त्याचं हृदय सुरू झालं. त्याला आयसीडी बसवलं. तेव्हा तो इंटर मिलानचा खेळाडू होता. इटलीच्या नियमांनुसार असं उपकरण घेऊन तिथल्या लीगमध्ये खेळता येत नाही, म्हणून करार संपवावा लागला. इंग्लंडमध्ये तशी बंदी नाही. २०२२ च्या सुरुवातीला तो ब्रेंटफर्डकडून मैदानात उतरला, मग मँचेस्टर युनायटेडकडून, आणि २०२४ च्या युरोमध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने गोलही केला. आता अनेक डॉक्टर सरसकट मनाई करत नाहीत. दोष कोणता, पुन्हा त्रास होण्याची शक्यता किती, खेळ कोणता, हे सगळं खेळाडूला समजावून देऊन त्याच्यासोबत निर्णय घेतात.

भारतातला अन्वर अलीचा किस्सा या वादाची दुसरी बाजू दाखवतो. मुंबई सिटीशी करार असलेल्या या तरुण बचावपटूच्या हृदयाचा स्नायू एका भागात जाड असल्याचं २०१९ मध्ये तपासणीत आढळलं. तो कोसळला नव्हता, त्याला काही त्रासही नव्हता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून थांबवलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, देशापरदेशातल्या तज्ज्ञांची मतं मागवली गेली. अखेर मार्ग मोकळा झाला. तो एफसी गोवाकडून इंडियन सुपर लीग (आयएसएल) खेळला आणि २०२२ मध्ये भारताच्या मुख्य संघातही आला. जोखीम कुणी ठरवायची, खेळाडूने, डॉक्टरांनी की संघटनेने, हा प्रश्न त्यात होता आणि अजूनही आहे.

गोव्याच्या फुटबॉलरसिकांच्या मनात मात्र आणखी जुनं दुःख आहे. डिसेंबर २००४ मध्ये बंगळुरूला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझीलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध गोल करताना गोलरक्षकाला धडकून कोसळला आणि पुन्हा उठला नाही. तो पंचवीस वर्षांचा होता. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवर तेव्हा सडकून टीका झाली. सोलबाकेनजवळ काही क्षणांत एक डॉक्टर पोहोचला होता. हे जिल्हा पातळीवरच्या, गावच्या मैदानांवरच्या प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला येत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका रुग्णवाहिकेची, एका एईडीची आणि सीपीआर येणाऱ्या दोन माणसांची सोय केल्याशिवाय स्पर्धा भरवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आधीच तपासण्या का करत नाहीत? करतात. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे, आणि व्हेनेतो प्रांतातल्या अभ्यासात १९७९ ते २००४ या काळात तरुण खेळाडूंचे असे मृत्यू ८९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २००३ मध्ये कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए ल्योंच्या मैदानावर कोसळून मरण पावला, त्यानंतर फिफाने २००६ च्या विश्वचषकापासून खेळाडूंच्या हृदयतपासणीवर भर दिला. तरी काही जण निसटतात. कारण मेहनतीने खेळाडूचं हृदय तसंही मोठं होतं, भिंती थोड्या जाड होतात, आरामात असताना ठोके पन्नासच्या खाली येतात. साधारण माणसाच्या हृदयाच्या भिंतीची जाडी १२ मिलिमीटरपर्यंत असते, १५ च्या पुढे गेली की आजाराचा संशय घेतात. मधल्या १३-१४ वर हे मेहनतीचं फळ आहे की आजाराची सुरुवात, हे सांगणं अनुभवी हृदयरोगतज्ज्ञालाही जड जातं. एरिक्सनच्या वर्षानुवर्षं तपासण्या होत होत्या, तरीही तो कोसळला. तपासणी करावीच, पण तेवढ्यावर विसंबून मैदानावरची तयारी सोडता येत नाही.

प्रशिक्षक सोलबाकेन

निवृत्तीनंतर वर्षभरातच तो आपल्या जुन्या हामकाम क्लबचा प्रशिक्षक झाला. २००३ मध्ये संघाला वरच्या लीगमध्ये चढवलं आणि २००४ मध्ये तिथे थेट पाचवा क्रमांक मिळवून दिला. २००६ च्या सुरुवातीला एफसी कोपनहेगनने त्याला परत बोलावलं. ज्या क्लबच्या सरावात त्याचं हृदय थांबलं होतं, त्याच क्लबचा सराव आता तो घेऊ लागला.

इथे त्याने खेळाडू म्हणून अंगी बाणवलेलं सगळं वापरलं. पट्टे राखणारा बचाव, दोन फळ्यांमधलं अंतर कधीही वाढू न देणं, चेंडू गेला की लगेच जागेवर परतणं. ड्रिलोंसारखा लांब पासचा हट्ट त्याने धरला नाही, बचावाची शिस्त मात्र तीच. त्यामुळे छोट्या देशाचा क्लब मोठ्यांसमोर उभा राहिला. नोव्हेंबर २००६ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये पार्केनवर मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं. २०१०-११ मध्ये तर बार्सिलोनाला १-१ रोखत कोपनहेगन शेवटच्या सोळांत पोहोचलं. त्या आधी कोणत्याही डॅनिश क्लबला हे जमलं नव्हतं.

त्यानंतरचा काळ वाईट गेला. जर्मनीत कोलोन क्लबने त्याला हंगाम संपायच्या आत काढलं, इंग्लंडमध्ये वुल्व्हज्‌ने जानेवारी २०१३ मध्ये, लीगबाहेरच्या ल्यूटनकडून एफए चषकात हरल्यावर. लवकर निकाल हवे असणाऱ्या क्लबांत त्याची पद्धत रुजायला वेळच मिळाला नाही. २०१३ मध्ये तो पुन्हा कोपनहेगनला आला आणि २०२० पर्यंत राहिला. दोन्ही काळ मिळून आठ डॅनिश लीग विजेतेपदं, आणि शेवटी २०२० मध्ये युरोपा लीगची उपांत्यपूर्व फेरी.

डिसेंबर २०२० मध्ये नॉर्वेने त्याला राष्ट्रीय संघ दिला. हालांड आणि ओडेगार्डसारखे नावाजलेले खेळाडू असूनही २०२२ चा विश्वचषक हुकला, २०२४ चा युरो हुकला. त्याला काढा अशी मागणी जोरात होती, पण महासंघाने विश्वास ठेवला. २०२६ च्या पात्रता फेरीत नॉर्वेने आठही सामने जिंकले आणि ३७ गोल केले. १६ नोव्हेंबर २०२५ ला मिलानच्या सान सिरोवर इटलीने अकराव्या मिनिटाला गोल करून आघाडी घेतली होती. दुसऱ्या अर्ध्यात विशीतल्या अँटोनियो नुसाने बरोबरी साधली, हालांडने लागोपाठच्या दोन मिनिटांत दोन गोल केले, स्ट्रान्ड लार्सनने चौथा. ४-१. १९९८ नंतर, म्हणजे सोलबाकेन स्वतः खेळाडू म्हणून पथकात होता त्यानंतर, नॉर्वे प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. हालांडचे वडील आल्फ-इंगे हे नव्वदच्या दशकात सोलबाकेनच्या काळातच नॉर्वेकडून खेळत होते. बरोबरीचा गोल करणारा नुसा २००५ मध्ये जन्मला, सोलबाकेन कोसळला त्याच्या चार वर्षांनंतर.